पिंपात मावणारी डिम्फना

आमच्या गावात एके काळी अशी कुजबुज होती की, डिम्फनाने कार्निव्हलच्या दिवसांत आपली मूल न होऊ देणारी रिंग बिअरच्या नळात बसवली, गावातल्या समस्त पुरुषांना ती बिअर पाजली, आणि म्हणून पुढच्या नोव्हेंबरात गावात एकही पोर जन्माला आलं नाही. नोव्हेंबरच का, तर बोटांवर महिने मोजून बघा. कार्निव्हल फेब्रुवारीत असतो. आमच्याकडे नोव्हेंबरातल्या माणसाला वाढदिवस विचारत नाहीत, नुसते गालात हसतात. मी नोव्हेंबरातलाच आहे, म्हणून सांगतो.

कुजबुजीला पुरावाही होता. मूल झालं की त्या घरापुढे एक लाकडी करकोचा उभा करायची आमच्यात रीत आहे. गावाच्या मालकीचा करकोचा एकच, आणि तो त्या नोव्हेंबरात शेडमधून बाहेर पडला नाही. बाळ बघायला येणाऱ्यांना कडक टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळलेली बडीशेप पसरून देतात, मुलगी असेल तर गुलाबी, मुलगा असेल तर निळी. बेकरीवाल्याकडे दोन्ही रंगांचे खोके फळीवर तसेच पडून राहिले. तो गिऱ्हाइकांना पाव बांधून देता देता म्हणायचा, "मला काय विचारता, नळ तपासा."

आता मी असा माणूस आहे की, कुजबुज कानावर आली की मला झोप लागत नाही आणि नाही आली तर जेवण जात नाही. गावाने मला त्यासाठीच पाळलं होतं म्हणा ना. कार्निव्हलच्या सोमवारी संध्याकाळी आमच्या गावच्या हॉलमध्ये मंचावर ओकचं एक जुनं पिंप आणून ठेवतात. एक जण त्यात कमरेपर्यंत उभा राहतो आणि वर्षभरात गावात कुणी कुणी काय दिवे लावले ते सगळ्यांच्या तोंडावर सांगतो. त्याला पिंपबोल्या म्हणतात. ज्याचं नाव निघेल त्याने हसायचं. ज्याचं निघत नाही, तो पुढचं वर्षभर तोंड पाडून फिरतो. आमच्याच देशातले, पण नद्यांच्या उत्तरेला राहणारे हॉलंडवाले हे सगळं ऐकून नाक मुरडतात. पण त्यांच्याकडे पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्किट देऊन डब्याचं झाकण लावून घेतात, तेव्हा त्यांचं काय मनावर घ्यायचं.

बरीच वर्षं तो पिंपबोल्या मी होतो. मग खुब्याने दगा दिला. मला पिंपात चढवायला दोन माणसं आणि बाहेर उपसायला चार लागायला लागली, तेव्हा मी म्हटलं, पुरे. माझ्या मागे कोण, हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. डिम्फना.

डिम्फना अंड्यांच्या कारखान्यात कामाला होती. पट्ट्यावरून अंडी सरकत येतात, खालून दिवा असतो, आणि आत तडा आहे का, रक्ताचा ठिपका आहे का, हे बघून अंडं बाजूला काढायचं. घरी आली की माणसांनाही ती तसंच दिव्यासमोर धरायची. पाद्रीबुवा प्रवचनात शिंक कशी दाबतात, डॉक्टर वाईट बातमी सांगायच्या आधी पेनाचं टोपण कसं चावतात, हे ती करून दाखवायला लागली की लोक टेबलाखाली जायचे. मी बोलायचो तेव्हा लोक हसायचे. ती बोलायची तेव्हा लोकांना धाप लागायची. फरक कळतो मला. तिचा नवरा टिनुस ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा. देवाने दोघांना मिळून जेवढं बोलणं दिलं होतं, त्यातलं जवळजवळ सगळं तिच्या वाट्याला गेलं होतं.

तिला ते पिंप हवं होतं. लहानपणापासून हवं होतं. एखाद्याला शेत हवं असतं, एखाद्याला सरपंचकी, तसं तिला पिंप. अडचण एवढीच की, पिंपात बाई कधी उभी राहिली नव्हती, आणि कोण उभं राहणार ते ठरवायचं अकरा जणांच्या मंडळाने.

हे मंडळ म्हणजे कार्निव्हलचे कारभारी. अकराच का, तर आमच्यात अकरा हा वेड्यांचा आकडा. त्यांच्या टोप्यांना एवढी लांब पिसं असतात की दारातून आत येताना वाकावं लागतं. त्यांचा नम्रपणा काय तो तेवढाच. अध्यक्ष ड्रीक, धंद्याने डुकरांचा दलाल. कुठल्याही जनावराकडे नुसतं बघून वजन सांगायचा, आणि हातात वजनकाटा नसला की बायकांकडेही त्याच नजरेने बघायचा.

मी जोर लावला, मंडळ कुरकुरलं आणि एका अकरा नोव्हेंबरला, म्हणजे मंडळ बसतं त्या दिवशी, डिम्फनाचं नाव ठरलं. फेब्रुवारीत रंगीत तालीम. ती पिंपात उतरली आणि अडकली. पाचवा महिना चालू होता.

"श्वास सोड," ड्रीक म्हणाला.

"सोडला. आतली सोडत नाहीये," डिम्फना म्हणाली.

नोल नावाचा आमचा नळवाला आहे. हॉलमधली बिअर, नळ, खुर्च्या, करकोचा, सगळं त्याच्याकडे. त्याने स्वयंपाकघरातून मार्गारिनचा डबा आणला. टिनुसने खांद्याला धरलं, नोलने कडेकडेने मार्गारिन चोपडलं, आणि बाटलीचं बूच निघावं तशी ती निघाली. पिंप कापा असं कुणी सुचवलं नाही. ते पिंप मठाच्या बिअरभट्टीतलं आहे, त्याला करवत लावायची म्हणजे चर्चच्या मनोऱ्याला लावण्यासारखं.

दोन वर्षांनी पुन्हा तेच. नाव ठरलं, आणि नाताळात तिने स्वतःच येऊन सांगितलं, "नेलिसकाका, यंदाही तुम्हीच चढा. मी पुन्हा दोघी आहे." तिसऱ्या वेळी तर ड्रीकने नाव घ्यायच्या आधी तिच्या पोटाकडेच बघितलं, आणि तो बरोबर निघाला. मग मंडळाने नियम केला: पिंपाच्या कडेला न टेकता जी बाई पिंपात उभी राहील, तिलाच पिंप. जगात कुठल्याही संस्थेत असा नियम नसेल. आमच्याकडे तो टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.

तिन्ही मुली गोड होत्या आणि तिन्ही विसरभोळेपणाच्या होत्या. कारखान्यात कधी सकाळची पाळी, कधी दुपारची. गोळी घ्यायची वेळ ठरलेली, पण डिम्फनाची कुठलीच वेळ ठरलेली नाही. मधली मुलगी तर, टिनुस म्हणायचा, समुद्रावर गेलो आणि गोळ्यांचं पाकीट घरच्या खिडकीत राहिलं त्याची. शेवटी ती डॉक्टर आर्लेंकडे गेली.

"रोजच्या रोज एक गोळी, तीही विसरतेस?" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, मी परवा पोरगी शाळेत विसरून आले. गोळी तर हाकसुद्धा मारत नाही."

तेव्हा डॉक्टरांनी तिला रिंगेबद्दल सांगितलं. मऊ, पारदर्शक, बांगडीपेक्षा बरीच लहान. बोटांनी चिमटीत दाबून योनीत सरकवायची आणि विसरून जायची. तीन आठवडे ती आपलं काम करत राहते. मग काढून टाकायची, आठवडाभर सुट्टी, आणि नवी ठेवायची. "विसरून जायची" हे शब्द डिम्फनाला फार आवडले. तिच्या स्वभावाला धरून देवाने काहीतरी बनवलं आहे असं तिला प्रथमच वाटलं. देवाने नाही, शेजारच्या शहरातल्या कारखान्याने बनवली होती. त्या कारखान्याची सुरुवात म्हणे कत्तलखान्याच्या अंगणात झाली. डुकरांच्या ग्रंथींतून औषधं काढायचे. ड्रीकच्या आजोबांची डुकरं तिथेच जायची. तेव्हा डिम्फनाच्या पिंपाला ड्रीकच्या घराण्याचा हातभार अगदीच नव्हता असं नाही.

राहता राहिली सासू. कोबामावशीला अकरा मुलं, म्हणजे घरचं मंडळच. तिच्या काळी लग्नाला वर्ष होऊन पाळणा हलला नाही, की पाद्रीबुवा कॉफीला यायचे आणि विचारायचे, "काय कोबा, देवाच्या दारात नाराजी आहे का?" आणि मूल झालं की पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. कोबामावशी सुनेकडे आली की आधी पोटाकडे बघायची, मग तोंडाकडे, आणि मग फ्रिज उघडायची. दर सोमवारी इस्त्री करायला यायची आणि आधी फ्रिज वाचून काढायची. सुनेचा फ्रिज म्हणजे सासूचं वर्तमानपत्र.

औषधाच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं होतं की, रिंग बाहेर ठेवली तरी काही महिने चालते, पण तोवर आम्ही थंडच ठेवतो. डिम्फनाने त्यातलं थंड एवढंच डोक्यात घेतलं. यावेळी तिला कुठलीही चूक नको होती. घरच्या फ्रिजवर सासूचा डोळा, म्हणून तिने पाकीट हॉलच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, मोहरीच्या बरणीमागे ठेवलं. हॉलचं स्वयंपाकघर तीच बघायची, किल्ली तिच्याकडे. वर्षभर हे बिनबोभाट चाललं. अकरा नोव्हेंबरला तिचं नाव चौथ्यांदा ठरलं. युरो येऊन दोन वर्षं होत आली होती आणि लोक अजून भाव विचारताना जुन्या गुल्डनमध्ये हिशोब करत होते, त्या सुमाराची गोष्ट. ड्रीक हसून म्हणाला, "बघू, फेब्रुवारीपर्यंत वजन किती भरतं ते."

"तू बघत राहा," डिम्फना म्हणाली. "तुझं आयुष्य बघण्यातच गेलंय."

फेब्रुवारी आला, कार्निव्हल आला. ते दिवस आमचं गाव आपलं खरं नाव खुंटीला टांगून ठेवतं आणि बेडूकवाडी होतं, कारण आमची सगळी जमीन पाणथळ. अर्धं गाव बेडूक होतं, उरलेलं जे सुचेल ते. डॉक्टर आर्ले दरवर्षी नन व्हायचे. शनिवारी दुपारी मिरवणूक संपली, हॉल भरला, आणि नोलचा नळ गळायला लागला.

तो नळ गेली कित्येक वर्षं गळत होता. खाली बादली ठेवायची आणि बादली भरली की मंडळातल्या सगळ्यात धाकट्याने ती संपवायची, अशी वहिवाटच पडली होती. बिअरवाल्याने फोनवर कबूल केलं होतं, नवा वायसर पाठवतो. नोल शोधायला स्वयंपाकघरात गेला. आमच्या हॉलचा एक कायदा आहे, फ्रिजमधलं सगळं मंडळाचं. त्यामुळे फ्रिज उघडायला नोलला कुणाला विचारायची गरज नव्हती. मोहरीच्या मागे चंदेरी पाकीट दिसलं. बेडकाचा मुखवटा घातल्यामुळे चष्मा खिशात होता. फोडलं तर आत मऊसूत, नवी कोरी रिंग. फ्रिजमध्ये वायसर कशाला, असा प्रश्न नोलला पडला नाही. बिअरवाले सगळंच थंड ठेवतात.

आणि ती बसली. थोडी ओढाताण केली, दोन बोटांनी दाबली, आणि चपखल बसली. नळ गळायचा थांबला. नोलने बादली उचलून उलटी करून दाखवली, हॉलने टाळ्या वाजवल्या, आणि अकराच्या अकरा जणांनी त्या नळाच्या आरोग्यासाठी त्याच नळाची बिअर घेतली.

रविवारी डिम्फनाची सुट्टी संपत होती. नवी ठेवायचा दिवस. मुलांच्या मिरवणुकीसाठी सॉसेज भरलेले पाव भट्टीत होते, हात पिठाचे होते, तरी ती विसरली नाही. फ्रिज उघडला, मोहरी सरकवली, मागे काही नाही.

"नोल, इथे मागे एक पाकीट होतं."

"होतं ना. वायसर. डिम्फना, काय माल आहे तो. लोण्यासारखा. थेंब गळत नाही."

"कुठाय तो?"

"कुठे म्हणजे, नळात."

डिम्फनाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हॉलकडे बघितलं. पिसांच्या टोप्या घातलेले अकरा जण ओळीने ग्लास भरून घेत होते. ती बिअरच्या खोक्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नोलला वाटलं, आनंदाने.

"काढून दे तो," ती म्हणाली.

"वेड लागलंय? बापाच्या वेळेपासून गळतोय हा नळ. कार्निव्हल संपेपर्यंत मी कुणाला हात लावू देणार नाही."

तसंही ती परत घेऊन काय करणार होती. पावांची भट्टी सोडून जाता येईना, म्हणून तिने टिनुसला बोलावलं, कानात सांगितलं, आणि शेजारच्या शहरात पाठवलं. कार्निव्हलमध्ये आमच्याकडे सगळं बंद असतं, एकच औषधाचं दुकान आळीपाळीने उघडं ठेवतात. टिनुस तसाच बेडकाच्या वेषात सायकलवर बसला आणि गेला.

तिथे काय झालं ते टिनुसने मला पुढे तुकड्या-तुकड्याने सांगितलं, ते मी जोडून देतो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बोला."

"रिंग," बेडूक म्हणाला.

"कुणासाठी?"

"बायकोसाठी."

"तिची जन्मतारीख?"

बेडकाने बराच विचार केला. "नोव्हेंबर आहे."

"म्हणजे कार्निव्हलची."

"हो."

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. ती लीस्बेट, अध्यक्ष ड्रीकची बायको, लाल-काळ्या ठिपक्यांचा किडा झालेली. तिने बुटांवरच्या ग्रीसवरून त्याला ओळखलं. "टिनुस ना तू? बेडकाला रे कसली रिंग?"

आता मुखवट्याआड माणूस धीट होतो म्हणतात ते खोटं नाही. जो टिनुस दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्याने एका दमात सगळं सांगितलं. फ्रिज, मोहरी, नोल, नळ, आणि आपलं मंडळ कालपासून त्यातून काय पितंय ते. लीस्बेट काउंटरला टेकली. मग डोळे पुसून म्हणाली, "तू हो पुढे. मला अजून घ्यायचंय." काय घ्यायचं होतं, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

रिंग वेळेत घरी आली, जिथे जायची तिथे गेली. पण सोमवारी सकाळी गावात दुसरा विषय नव्हता. लीस्बेटने फक्त आपल्या बहिणीला सांगितलं होतं. आमच्याकडे बातमी सांगायची असेल तर फक्त बहिणीला सांगतात.

मंडळाने तातडीची सभा बोलावली. मी खुब्यामुळे खुर्चीवरच होतो, म्हणून मला कुणी बाहेर काढलं नाही. अकरा जण टोप्या घालून बसले होते आणि बायकांचं औषध पोटात गेलं म्हणून एकमेकांच्या छातीकडे चोरून बघत होते. खजिनदार म्हणाला, मला सकाळपासून रडू येतंय. दुसरा म्हणाला, काल मी बायकोला न सांगता भांडी घासली. ड्रीक सारखा मिशीवरून हात फिरवत होता, वाढ थांबली का ते बघायला. डॉक्टर आर्लेंना बोलावलं. ते ननच्या वेषात आले आणि हात जोडून उभे राहिले, कारण त्या बाह्यांत दुसरं काही करता येत नव्हतं.

"डॉक्टर, स्पष्ट सांगा," ड्रीक म्हणाला. "आमचं काय होणार?"

"त्या रिंगेत औषध असतं चिमूटभर, आणि ते अंगाच्या उबेला आठवडेच्या आठवडे हळूहळू झिरपतं. थंडगार बिअरमधून, तेही एवढ्या जणांत वाटून, तुम्हाला काहीही होणार नाही. तुम्ही दोन दिवसांत जेवढी बिअर प्यालात, तिने काय होईल ते वेगळं विचारा."

"म्हणजे नक्की सांगता येत नाही," ड्रीक म्हणाला. डुकरांच्या बाजारात तो असाच बोलायचा.

आणि मग त्याने ठराव मांडला. मंडळाची तब्येत पूर्ववत असल्याचं सिद्ध होईपर्यंत डिम्फनाला पिंप नाही. यंदाही नाही आणि पुढेही नाही. नऊ हात वर झाले. दोघांनी केले नाहीत. एक रडत होता, आणि दुसरा झोपला होता.

डिम्फना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एप्रनखाली पिंपात घालायचा चौकटीचा कोट आधीच चढवला होता. ती म्हणाली, "पोट होतं तेव्हा पोट आहे म्हणून नाही. आता पोट नाही तर का नाही म्हणून नाही." एवढंच. आवाजही चढवला नाही. ड्रीकने टोपी सारखी केली आणि खिडकीबाहेर बघितलं.

तेवढ्यात कोबामावशी आली.

सोमवार होता. ती इस्त्रीला गेली होती, घरी कुणी नाही, फ्रिजमध्ये काही वाचण्यासारखं नाही, म्हणून गावात विचारत विचारत हॉलमध्ये पोचली, आणि वाटेत तिला सगळं कळलं होतं. काळा कोट, हातात पर्स. डिम्फना पुढे झाली. "आई, मी तुम्हाला सांगणार होते…"

कोबामावशीने नेहमीप्रमाणे आधी तिच्या पोटाकडे बघितलं. मग तोंडाकडे. मग नोलकडे वळली.

"कुठला नळ?"

नोलने बोट दाखवलं.

"भर एक ग्लास."

"मावशी, अहो त्यात ती…"

"मला ठाऊक आहे त्यात काय आहे. भर."

नोलने भरला. तिने उभ्याउभ्या, पर्स काखेत धरून, तो ग्लास रिकामा केला, वरच्या ओठावरचा फेस रुमालाने टिपला आणि म्हणाली, "माझ्या वेळी हा नळ असता, तर मी पिंपासकट घरी नेला असता."

मग टिनुसकडे वळली. तो बिचारा अजून बेडूकच होता. "तू माझा नववा. तुझ्यावर माझा जीव आहे, हे तुला माहीत आहे. पण तुला आणि तुझ्या मागच्या दोघांना मी मागवलं नव्हतं. पाद्रीबुवांनी मागवलं होतं."

बेडकाने मान हलवली. समजूतदार पोर आहे.

"आणि तू," ती सुनेला म्हणाली, "पाकीट दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये ठेवतेस. मी काय खाणार होते ते?"

त्यानंतर जे झालं ते बेडूकवाडीने कधी बघितलं नव्हतं. स्वयंपाकघरातून पाव लाटणाऱ्या दोघी बाहेर आल्या आणि ग्लास घेऊन नळापुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे तिसरी. मग रस्त्यावरून बायका आत यायला लागल्या. हॉलमध्ये दुसरा नळ होता, तो मोकळा होता, तिथे कुणी फिरकेना. रांग दारापर्यंत गेली. कुणी मधमाशी, कुणी पोपट, कुणी नुसतीच आपली. ड्रीकने रांगेत ठिपक्यांचा किडा बघितला.

"लीस्बेट, तू कशाला उभी आहेस?"

"तहान लागलीये."

"त्या नळाला?"

"इतकी वर्षं तुम्ही बादल्या प्यालात तेव्हा मी विचारलं का?"

मंडळात एक धास्ती पसरली, ती मला त्यांच्या पिसांवरून कळत होती. ही रांग संध्याकाळी हॉलमध्येच बसणार होती आणि मंचावर पिंप रिकामं असणार होतं. मी चढणार नाही हे मी खुबा दाबून स्पष्ट केलं. ड्रीकला स्वतःला चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत, तेही डुकरांविषयी नसतील तर.

डिम्फनाने एप्रन काढला, टिनुसला खूण केली, आणि दोघांनी मिळून पिंप गडगडत हॉलच्या मधोमध आणलं. ती आत उतरली.

"नियम तुझा आहे," ती म्हणाली. "माप घे."

ड्रीक पुढे आला. कडेकडेने हात फिरवून बघावं म्हणून त्याने हात उचलला. रांगेतून लीस्बेटने नुसतं बघितलं, तसा हात खाली आला. मग त्याने त्याला जे येत होतं तेच केलं. दोन पावलं मागे सरकून, डोळे बारीक करून, बाजारात बघतो तसं बघितलं. चहूबाजूंनी जागा होती.

"मावते," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी डिम्फना बोलली. मार्गारिनपासून सुरुवात केली. रिंग चिमटीत कशी धरायची ते डोनटवर करून दाखवलं, नोलचं नळाशी चाललेलं लाडिक बोलणं, बेडकाची जन्मतारीख, ननच्या वेषातले डॉक्टर पेनाचं टोपण शोधताहेत ते. मंडळ छातीकडे कसं बघत होतं, हे तिने केलं, तेव्हा खजिनदार पुन्हा रडला, पण वेगळ्या कारणाने. सगळ्यात जास्त वेळा नाव ड्रीकचं निघालं. तो पुढचं वर्षभर छाती काढून फिरत होता, आणि मंडळातल्या कुणालाच आता छातीची भीती राहिली नव्हती. कोबामावशी पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही. तिने फक्त दोनदा, "खरं आहे," असं म्हटलं, तेव्हा हॉल कोसळला.

तेव्हापासून पिंप डिम्फनाचं. आता तिला रिंग लागत नाही, ते वय गेलं. मुली मोठ्या झाल्या, त्यातली धाकटी पिंपाकडे डोळा ठेवून आहे. नोलने ती रिंग नळातून काढायला साफ नकार दिला. तीन आठवडे झाले तेव्हा कुणीतरी त्याला म्हणालं, "नोल, आता आठवडाभर नळाला सुट्टी दे." पुढे हॉलला नवा नळ आला, तेव्हा तो जुना त्याने घरी नेला. शेडमध्ये करकोच्याशेजारी टांगलेला आहे.

आणि त्या नोव्हेंबरविषयी. रिंग नळात बसवली ती नोलने, चष्मा नव्हता म्हणून. बिअरने कुणाला काही झालं नाही. लीस्बेटने त्या रविवारी औषधाच्या दुकानातून तसलीच रिंग घेतली, आणि ती काही पहिल्यांदा नव्हती. गावातल्या बाकीच्या बायकाही, कुणी गोळी, कुणी रिंग, आपापली सोय करूनच होत्या. मूल झालं नाही, कारण त्या वर्षी कुणालाच नको होतं. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरातही झालं नव्हतं. तेव्हा कुणी मोजलं नव्हतं.